गिटार शिकताना : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

गिटार शिकणाऱ्या मुलांचे आणि त्यांच्या पालकांचे प्रश्न आम्ही मागवले होते. नाशिक शहर आणि आसपासहून आलेल्या पत्रांपैकी सारख्या आशयाची एकत्र केली आणि त्यातून हे सात प्रश्न निवडले.

सात महिने झाले, सी, जी, डी, ई मायनर हे कॉर्ड नीट वाजतात. पण एफ आला की निम्म्या तारा मुक्या. सर म्हणतात, सराव कर, ताकद येईल. रोज करतो, पण मनगट दुखतं. माझी बोटं लहान आहेत म्हणून असं होतंय का?
— अकरावीतला विद्यार्थी, सिडको

बोटांना दोष देऊ नकोस. आधी गिटार तपास, मग हात. कमी किमतीची नवी गिटार बऱ्याचदा उंच तारांसकट तशीच हातात येते आणि मुलं वर्षभर स्वतःलाच कमी समजत राहतात. आम्हाला याचं फार वाईट वाटतं, कारण यातली कित्येक मुलं एफपाशीच गिटार सोडून देतात.

दोन तपासण्या घरी होतात. पहिली बाराव्या फ्रेटवर. फ्रेट म्हणजे नेकवर, गिटारच्या लांब दांड्यावर, बसवलेल्या धातूच्या आडव्या पट्ट्या; दोन पट्ट्यांमधली जागा म्हणजे घर. स्टीलची पट्टी घे. प्लास्टिकच्या पट्टीत शून्याच्या आधी थोडी जागा सोडलेली असते, ती इथे चालणार नाही. फ्रेटचा माथा आणि तारेची खालची बाजू यांमधलं अंतर मोज. सहाव्या, म्हणजे सगळ्यात जाड तारेखाली अडीच मिलिमीटर आणि पहिल्या तारेखाली दोन मिलिमीटरच्या आसपास असेल तर ठीक. साडेतीन-चार भरत असेल तर अशा गिटारवर मोठ्या माणसाचाही हात दुखेल.

दुसरी तपासणी नटची. नट म्हणजे नेकच्या टोकाला तारा जिच्या खाचांतून जातात ती पांढरी पट्टी. एफ पहिल्या फ्रेटवर येतो, म्हणून तुझ्यासाठी हीच तपासणी जास्त महत्त्वाची. एकेक तार तिसऱ्या फ्रेटवर दाबून धर आणि ती पहिल्या फ्रेटच्या किती वर तरंगते ते बघ. कागद सरकेल एवढीच फट हवी. तिथे एटीएम कार्ड सहज जात असेल तर नटच्या खाचा उंच आहेत. खात्री करायची असेल तर पहिल्या फ्रेटवर कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा, लाव आणि एफचाच आकार एक घर पुढे धर. तिथे तो एकदम सोपा वाटला, तर अडचण नटमध्येच आहे.

खाचा खोल करायचं काम गिटार दुरुस्त करणाऱ्याकडूनच करून घे. त्याच्याकडे प्रत्येक तारेच्या जाडीची वेगळी कानस असते. घरी पॉलिश पेपरने घासलंस आणि खाच जरा जास्त गेली, तर उघडी तार झणझणते आणि नट बदलावा लागतो. ब्रिज म्हणजे गिटारच्या पोटावर तारा अडकवलेली लाकडी पट्टी, आणि तिच्यावरची तारा टेकतात ती पांढरी पट्टी म्हणजे सॅडल. सॅडलचं गणित त्याला आधी विचारून घे : बाराव्या फ्रेटवर अर्धा मिलिमीटर कमी करायचा असेल तर सॅडल खालून एक मिलिमीटर घासावं लागतं. तारा ०१२ च्या सेटच्या (हा आकडा पहिल्या तारेच्या जाडीचा) असतील तर तिथेच ०१० चा सेट टाकून घे. दाब बराच हलका होतो.

आता हात. एफमध्ये पहिल्या बोटाने सहाही तारा सारख्या जोराने दाबायच्या, हा समज डोक्यातून काढ. पाचव्या आणि चौथ्या तारेवर तिसऱ्या घरात अनामिका आणि करंगळी आहेत, तिसऱ्या तारेवर दुसऱ्या घरात मधलं बोट आहे. पहिल्या बोटाकडे उरतात सहावी, दुसरी आणि पहिली, फक्त तीनच तारा. बोट सपाट ठेवू नकोस. अंगठ्याच्या बाजूची कड लागेल असं किंचित वळव, म्हणजे पेरांच्या खळगीत तार फसणार नाही. बोट फ्रेटला अगदी चिकटून ठेव. फ्रेटपासून लांब गेलं की दुप्पट जोर लागतो. अंगठा नेकच्या मागे, साधारण मधल्या बोटाच्या समोर ठेव आणि कोपर बरगडीकडे आण. दाब अंगठ्याने चिमटा काढून येत नाही, दंडाच्या वजनाने गिटार मागे ओढल्यासारखा येतो. तुझं मनगट दुखतंय ते बहुधा या चिमट्यामुळे.

पहिले पंधरा दिवस हाच आकार पाचव्या फ्रेटवर धर. तिथे तो ए कॉर्ड होतो आणि तार सहज दबते. मग दर दोन-तीन दिवसांनी एकेक घर मागे ये. एका वेळी पाच मिनिटं पुरे. तोपर्यंत गाण्यात एफच्या जागी खालच्या चार तारांचा छोटा एफ वाजव. दुखणं वेगळं आणि बोटांना मुंग्या येणं किंवा बधिरपणा वेगळा. मुंग्या आल्या तर त्या दिवशी गिटार बाजूला ठेव, आणि आठवडाभर तसंच राहिलं तर डॉक्टरांना दाखव.

मुलगी नऊ वर्षांची आहे. शेजारी त्यांची जुनी, मोठी गिटार फुकट देत आहेत. मोठी झाली तरी चालेल म्हणून तीच घ्यावी का?
— एक पालक, इंदिरानगर

तिच्यासाठी नको. नऊ वर्षांच्या मुलीला साधारण तीन-चतुर्थांश मापाची गिटार लागते. तिच्या तारेची वाजणारी लांबी ५८ सेंटिमीटरच्या आसपास असते, मोठीची ६५. वयापेक्षा हाताचं माप खरं धरा. तिला खुर्चीत बसवून गिटार मांडीवर द्या आणि डावा हात पहिल्या फ्रेटवर ठेवायला सांगा. कोपर सैल दुमडलेलं राहिलं तर माप बरोबर आहे. हात ताणून सरळ झाला किंवा खांदा पुढे ओढला गेला तर गिटार मोठी आहे. आणि उजवा हात गिटारच्या पोटावरून आणताना खांदा कानापर्यंत चढत असेल, तरीही मोठीच.

सुरुवातीला नायलॉनच्या तारांची घ्या. एक धोका मात्र सांगून ठेवतो : बोटं तयार झाली की कुणीतरी सुचवेल, यालाच स्टीलच्या तारा लावा, आवाज मोठा येईल. अजिबात लावू नका. स्टीलच्या हलक्या सेटचा एकूण ताण ७० किलोच्या वर जातो, नायलॉनचा ४० च्या आसपास असतो. नायलॉनच्या गिटारचा ब्रिज त्या ताणासाठी बांधलेलाच नसतो. तो उखडतो किंवा वरची फळी फुगते.

शेजाऱ्यांची गिटार घरात कुणा मोठ्याला हवी असेल तर दोन गोष्टी बघून घ्या. ब्रिजच्या मागच्या कडेखाली साधा कागद सरकवून पाहा. तो आत गेला तर गोंद सुटायला लागला आहे. आणि प्रत्येक तार प्रत्येक घरात एकदा वाजवा. एकाच जागी खरखर आली तर फ्रेट उठला किंवा झिजला आहे, सगळीकडे आली तर नेक वाकली असेल. फ्रेटचा दोष थोडक्यात निभावतो. वाकलेल्या नेकसाठी आधी जाणकाराला दाखवा.

मी भावगीतं गातो, पुतण्या गिटार वाजवतो. माझी पट्टी काळी चार. तो म्हणतो, जी मध्ये गा. जी मध्ये माझा आवाज बसत नाही. यावर मार्ग काय?
— एक वाचक, पंचवटी

तुम्ही पट्टी बदलू नका, पुतण्याला कॅपो लावायला सांगा. पेटीची भाषा आणि गिटारची भाषा एकदा जुळवून घेतली की घरात हा वाद राहणार नाही. पांढरी एक म्हणजे सी, मग दोन डी, तीन ई, चार एफ, पाच जी, सहा ए, सात बी. काळी एक म्हणजे सी शार्प, दोन डी शार्प, तीन एफ शार्प, चार जी शार्प, पाच ए शार्प.

काळी चारसाठी कॅपो पहिल्या फ्रेटवर आणि जीचे आकार. झालं. काळी एकला पहिल्या फ्रेटवर कॅपो आणि सीचे आकार. काळी दोनला पहिल्यावर डीचे, काळी पाचला पहिल्यावर एचे. काळी तीन जरा अवघड, तिथे दुसऱ्या फ्रेटवर ईचे आकार लागतात. त्यात बी कॉर्ड येतो आणि तो बार कॉर्ड, म्हणजे एफसारखा पहिलं बोट आडवं टाकून धरायचा, आहे, म्हणून नवख्याने चौथ्या फ्रेटवर कॅपो लावून डीचे आकार घ्यावेत. पांढरी चारलाही तसंच, तिसऱ्या फ्रेटवर डीचे आकार. कॅपो फ्रेटला चिकटून, सरळ लावायला सांगा. घराच्या मधोमध लावला की तारा वर खेचल्या जातात आणि सगळी गिटार चढी बोलते. लावल्यावर एकदा ट्यूनरवर पाहिलंच पाहिजे.

भावगीतात कॉर्ड निवडताना दुसरी चूक होते, आणि ती पट्टीपेक्षा जास्त खुपते. चाल यमन रागाच्या अंगाची असेल तर तिच्यात तीव्र मध्यम असतो. गिटारवाला सवयीने जी, सी, डी वाजवतो. जी हा सा धरला तर सी कॉर्डमध्ये शुद्ध मध्यम आहे. तुम्ही तीव्र मध्यमावर थांबलात की दोन्ही सूर एकमेकांना लागतात आणि ऐकणाऱ्याला वाटतं, गाणारा बेसूर झाला. तिथे सी टाळून ए मेजर घ्यायचा. त्यात रे, तीव्र म आणि ध आहेत. बाकी जी, डी, बी मायनर, ई मायनर बिनधास्त. आलापीत, जिथे तुम्ही सुरावर रेंगाळता, तिथे कॉर्डच नको. सा आणि प एवढेच सूर हळू छेडत राहिलं तर तानपुऱ्याचं काम होतं.

पेटीही सोबत असेल तर गिटार पेटीला मिळवा. ट्यूनर ४४० वर (ही पांढरी सहाच्या सुराची कंपनसंख्या) असतो, पण जुनी पेटी थोडी चढी किंवा उतरती असू शकते आणि ती ऐनवेळी बदलता येत नाही. पेटीची पांढरी सहा ट्यूनरपुढे धरा. काटा मधोमध येईपर्यंत ट्यूनरचा ४४० हा आकडा वर-खाली करा, आणि मग त्याच आकड्यावर सहाही तारा लावा.

गणपतीच्या कार्यक्रमात तबल्याबरोबर वाजवलं. तबलेवाले काका म्हणाले, तुझी लय पळते. घरी एकटी वाजवते तेव्हा तर बरोबर वाटतं.
— कॉलेजची विद्यार्थिनी, नाशिकरोड

एकटीने वाजवताना लय आपल्याबरोबर पळते, म्हणून कळत नाही. एक गाणं फोनवर रेकॉर्ड कर आणि मेट्रोनोम, म्हणजे ठरावीक गतीने टिकटिक करणारं यंत्र किंवा अॅप, लावून ऐक. बहुतेकांची लय सगळीकडे पळत नाही, कॉर्ड बदलण्याच्या आसपास पळते. बदल अवघड असतो, डावा हात उशिरा पोहोचतो, तेवढ्यात उजवा थबकतो आणि मग राहिलेलं भरून काढायला पुढे धावतो. इलाज उजव्या हातात आहे : तो कधीही थांबवायचा नाही. डाव्याला वेळ हवा असेल तर आवर्तनाच्या शेवटच्या मात्रेला बोटं उचल. त्या मात्रेला उघड्या तारा वाजल्या तरी चालतात, ऐकणाऱ्याला ते खुपत नाही. समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेला, नवा कॉर्ड नेमका पडला म्हणजे झालं.

केरव्यावर बसून हे पक्कं कर. धा गे ना ती न क धी न. आठ मात्रा. पहिली, तिसरी, पाचवी, सातवी खाली जाणारा स्ट्रोक, मधल्या चार वर येणारे. आता यातली गंमत ऐक : पहिल्या मात्रेला जाड तारा वाजव, पाचवीला त्या पूर्ण सोडून दे आणि फक्त खालच्या तीन पातळ तारा हलक्याने घे. पाचवी खालीची आहे, डग्गा तिथे गप्प होतो. त्याच वेळी तुझी गिटारही हलकी झाली की तबलेवाल्याला मोकळं वाटतं. बहुतेक गिटारवादक आठही मात्रा सारख्याच जोराने ओढतात, आणि लय बरोबर असली तरी ठेका जड वाटतो.

मेट्रोनोमचा सराव असा कर. आधी मिनिटाला १२० मात्रा, प्रत्येक मात्रेला टिक. दोन दिवसांनी मेट्रोनोम ३० वर आण, वाजवायची गती तीच ठेव. आता टिक चार मात्रांतून एकदा येईल, समेला आणि खालीला. मधल्या तीन मात्रा तुला स्वतः सांभाळायच्या आहेत. पहिल्या दिवशी टिकच्या आधीच पोहोचशील. घाबरू नकोस, हेच तर शोधायचं होतं. दहा मिनिटं रोज, तीन आठवडे. नंतर दादरा सहा मात्रांचा, त्यात चौथी खालीची.

कार्यक्रमात डग्गा ऐकू येईल अशी बाजू धरून बस. गिटारला माइक असेल तर तो मधल्या गोल भोकासमोर लावू देऊ नकोस, तिथे आवाज घुमतो आणि शिट्टी मारतो. नेक जिथे पोटाला मिळते तिथे, बाराव्या फ्रेटच्या दिशेने, वीतभर अंतरावर लावायला सांग.

फोनवर टॅब (कुठली तार कुठल्या घरात दाबायची ते आकड्यांत लिहिलेलं) बघितल्याशिवाय एकही गाणं वाजवता येत नाही. दोन वर्षं झाली. कान तयार कसा करायचा?
— बी.एस्सी.चा विद्यार्थी, कॉलेजरोड

एका तारेवर सरगम वाजव. आमच्या मते कान तयार करायला गिटारवर यासारखं साधन नाही, आणि हे मराठी घरातल्या मुलाला अर्धं आधीच येत असतं. कुठलीही एक तार घे. उघडी तार सा. दुसऱ्या घरात रे, चौथ्यात ग, पाचव्यात म, सातव्यात प, नवव्यात ध, अकराव्यात नी, बाराव्यात वरचा सा. कोमल रे पहिल्या घरात, कोमल ग तिसऱ्या, तीव्र म सहाव्या, कोमल ध आठव्या, कोमल नी दहाव्या.

आता आधी गायचं, मग वाजवायचं. "सा रे ग, रे ग म, ग म प" असा पलटा तोंडाने म्हण आणि प्रत्येक सूर गाऊन झाल्यावर बोट ठेव. उलटा क्रम नको. आधी वाजवून मग गायलास तर कान काहीच करत नाही, फक्त नक्कल होते. पं. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि पुढे आपल्याच पंचवटीत आश्रम थाटला. त्यांच्या परंपरेत लहान मुलांना जे अलंकार घोकायला देतात, तेच गिटारवर तितकेच कामाचे आहेत.

महिन्याभराने ओळखीची आरती किंवा बडबडगीत एका तारेवर शोध. टॅब बघायचा नाही. पहिली ओळ सापडायला अर्धा तास लागेल, चौथ्या गाण्याला पाच मिनिटं. मग जाड तारांवर गाण्यातला बेस शोध, म्हणजे कॉर्ड कुठला ते आपोआप कळायला लागतं. टॅब वाईट नाही, पण तो शेवटी पडताळून बघण्यासाठी उघड.

मुलाला ट्रिनिटीच्या परीक्षांना बसवू की गांधर्वच्या? की नुसतं वाजवू दे?
— एक पालक, गंगापूररोड

मुलाला कुठलं संगीत वाजवायचं आहे त्यावर ठरवा. ट्रिनिटी कॉलेज लंडनच्या परीक्षांत क्लासिकल गिटार, अकूस्टिक गिटार आणि रॉक-पॉप असे वेगळे मार्ग आहेत, इनिशियलपासून आठव्या ग्रेडपर्यंत. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा हिंदुस्थानी संगीताच्या, प्रारंभिकपासून अलंकारपर्यंत. दहावीला शास्त्रीय कलेच्या परीक्षांचे वाढीव गुण मिळतात, त्याचे चालू नियम शाळेतून विचारून घ्या. पण फक्त गुणांसाठी गायन लादू नका.

ग्रेडच्या परीक्षांत एक सापळा आहे. परीक्षेला मोजक्याच, साधारण तीन रचना असतात, आणि काही क्लासमध्ये वर्षभर त्याच घोटल्या जातात. मुलगा तिसरी ग्रेड पास होतो आणि पाहुण्यांनी साधं गाणं सांगितलं तर वाजवू शकत नाही. क्लास निवडताना सरांना सरळ विचारा : परीक्षेच्या रचनांशिवाय वर्षात किती गाणी होतात? वाचन आणि कानाची तयारी रोज होते की शेवटच्या महिन्यात? उत्तर गुळमुळीत आलं तर दुसरा क्लास बघा. पुढे परदेशात शिकायचा विचार असेल तर मात्र सहावी ते आठवी ग्रेड कामाची ठरते, ब्रिटनमधल्या विद्यापीठ प्रवेशात त्यांचे गुण धरले जातात.

बारावीच्या वर्षी गिटार बंद करावी का, असंही दोघा-तिघांनी विचारलं आहे. बंद करू नका, कमी करा. रोज २० मिनिटं : पाच मिनिटं मेट्रोनोमवर कॉर्ड बदल, दहा मिनिटं एकच गाणं, पाच मिनिटं मनाला येईल ते. नवं काही नको. वर्षभर पूर्ण सोडली तर बोटांचे घट्टे जातात आणि परत पहिल्या महिन्याचं दुखणं सुरू होतं.

मे महिन्यात फ्रेटची टोकं बोटाला बोचायला लागली. जुलैत तेच बरं झालं, पण तारा उंच झाल्या. गिटार खराब झाली का?
— एक वाचक, सातपूर

खराब नाही, लाकूड हवेप्रमाणे हलतंय. नाशिकचा उन्हाळा कोरडा. तेव्हा नेकची फळी आकसते, पण फ्रेट धातूचे, ते तेवढेच राहतात. म्हणून टोकं बाहेर येतात. पावसाळ्यात वरची फळी ओल पिऊन फुगते, ब्रिज वर उचलला जातो आणि तारा उंच होतात. गिटारला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. छोटा डिजिटल आर्द्रतामापक गिटारच्या खोक्यात ठेवलात तर अंदाज येतो.

उन्हाळ्यात गिटार खोक्यात बंद ठेवा, कूलरच्या झोतापासून लांब. साबणाच्या डबीला भोकं पाडून तिच्यात ओला, पिळलेला स्पंज घाला आणि डबी खोक्यात नेकच्या डोक्याजवळ ठेवा. थेंब गळता कामा नये. पावसाळ्यात स्पंज काढा आणि सिलिका जेलच्या पुड्या टाका. अनेकांच्या खोक्यात त्या पुड्या वर्षभर तशाच पडलेल्या असतात आणि मे महिन्यात उरलीसुरली ओलही ओढून घेतात.

तारा उंच झाल्या म्हणून लगेच सॅडल घासू नका, नोव्हेंबरात पश्चात्ताप होईल. आधी नेक बघा. पहिल्या फ्रेटवर कॅपो लावा, नेक पोटाला मिळते तिथली सहावी तार दाबा आणि सातव्या फ्रेटवरची फट पाहा. पाव मिलिमीटरच्या आसपास असावी. जास्त असेल तर ट्रस रॉड, म्हणजे नेकच्या आतली धातूची सळई, घट्ट करावा लागतो, अॅलन किल्ली घड्याळाच्या दिशेने, एका वेळी पाव फेरा. मग पुन्हा ट्यून करून रात्रभर तसंच ठेवायचं आणि दुसऱ्या दिवशी परत मोजायचं. किल्ली जड जात असेल तर जोर लावू नका, रॉड तुटला तर दुरुस्ती गिटारच्या किमतीच्या पलीकडे जाते. आणि काहीही झालं तरी उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत गिटार ठेवू नका. आतल्या उष्णतेने गोंद मऊ होतो आणि तारांचा ताण ब्रिज हळूहळू उचलतो. नाइलाज असेल तर ती गाडीत आतल्या बाजूला, सावलीत, तारा एक-दोन सूर उतरवून ठेवा.